नवी रेकॉर्ड, जुनी सबब

ठाणे आणि नवी मुंबईत रेकॉर्ड ऐकणारे गेल्या काही वर्षांत वाढले, आणि त्यांच्याबरोबर एक वादही वाढला. कुणीतरी तीन-साडेतीन हजारांची सीलबंद एलपी घेतं, घरी आणून लावतं आणि पहिल्याच गाण्यात कापड फाटल्यासारखा आवाज येतो. तो माणूस तक्रार करतो आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, रेकॉर्ड म्हटली की एवढं चालायचंच. खरखर नको असेल तर मोबाइलवर ऐका. दुसरा म्हणतो, हल्ली छापलेली प्रत्येक रेकॉर्ड टाकाऊ असते. चोरबाजारात जा आणि जुनी घ्या. दोन्हीकडची माणसं संगीतावर जीव टाकणारी आहेत, म्हणूनच हा वाद इतका ढिसाळपणे चालतो याचं वाईट वाटतं. माझी भूमिका अशी की छपाईत राहिलेला दोष हा कारखान्याचा दोष आहे, त्याला माध्यमाचा स्वभाव म्हणून पांघरूण घालू नये. अशी रेकॉर्ड ग्राहकाने परत करावीच. मात्र दोष छपाईचाच आहे याची खात्री परत करण्याआधी करून घेणं हीदेखील त्याचीच जबाबदारी आहे, आणि ती टाळणाऱ्यांनी तक्रारीची किंमत कमी केली आहे.

वाद बिघडतो तो तीन वेगळी कारणं एकत्र केल्यामुळे: माध्यमाची मर्यादा, वाजवणाऱ्या यंत्राची चूक आणि छपाईचा दोष. मर्यादा आधी मान्य करू, कारण त्या खऱ्या आहेत. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत हा वेग २१ सेंटिमीटरवर येतो. निम्म्याहून कमी जागेत तेवढाच आवाज कोरायचा म्हटल्यावर शेवटच्या गाण्यातले 'स' आणि 'श' थोडे घासटणार. गाणं सुरू होण्याआधी १.८ सेकंद त्याची पुसट चाहूल लागते, तेही शेजारच्या फेऱ्यातल्या खाचेच्या भिंतीवर उमटलेल्या दाबामुळे. एका बाजूला २५-२६ मिनिटांचा ख्याल बसवायचा तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, मूळ आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते, आणि मग आलापाच्या वेळी पृष्ठभागाची सळसळ जास्त जाणवते. यातल्या कशासाठीही रेकॉर्ड परत करणं योग्य नाही. 'रेकॉर्ड अशीच असते' म्हणणाऱ्यांचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के खरं आहे.

दुसरं कारण घरातच असतं. दुकानदार सांगतात की परत आलेल्या कित्येक रेकॉर्ड त्यांच्या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रावर, निर्वेध वाजतात, आणि त्यांचं हे म्हणणं टाळता येण्यासारखं नाही. सुईचा भार ठरलेल्यापेक्षा कमी असेल तर जोरकस सुरांवर ती खाचेच्या भिंतींवर आदळते आणि आवाज फाटतो. पुष्कळ लोक रेकॉर्ड जपायची म्हणून मुद्दाम भार कमी ठेवतात आणि त्यामुळेच ती लवकर खराब करतात. ऑर्टोफॉन २एम रेड या काडतुसाला, म्हणजे सुई बसवलेल्या कार्ट्रिजला, १.८ ग्रॅम लागतात, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ला २ ग्रॅम. हे आकडे कंपन्यांनी छापून दिलेले आहेत, आणि एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा एका नव्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. अँटी-स्केटिंग, म्हणजे सुई केंद्राकडे ओढली जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण, साधारण तेवढ्याच आकड्यावर ठेवावं. काडतुसाचा कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन तपासायच्या पट्टीवर, बघावा. कोन बसवायच्या बेअरवाल्ड पद्धतीत केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सुई खाचेला बरोबर समांतर यायला हवी. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, समतल आहे का हे स्पिरिट लेव्हल ठेवून पाहावं. सुईचं आयुष्य तिच्या घडणीनुसार ३०० ते १००० तास असतं. रोज एक एलपी ऐकणाऱ्याची साधी लंबगोल टोकाची सुई दीड-दोन वर्षांत उतरते. एवढं केल्यावरही आवाज येत असेल तर चांगली ठाऊक असलेली दुसरी रेकॉर्ड त्याच जागी, म्हणजे कडेपासून तेवढ्याच अंतरावर वाजवून पाहावी. तीही फाटत असेल तर दुकानाची पायरी चढायचं कारण नाही.

नव्या रेकॉर्डलाही धुण्याची गरज असते हे मात्र अनेकांना पटत नाही. कारखान्यातल्या कागदी आतल्या कव्हरचा भुसा खाचांत अडकलेला असतो आणि त्याची टिकटिक होते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिटरमागे दोन-तीन थेंब वेटिंग एजंट (पाणी खाचांत नीट पसरवणारं द्रव्य) घालून, खाचांच्या दिशेने मऊ ब्रश फिरवून, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावं. नळाचं पाणी वापरू नये, ते वाळल्यावर क्षार मागे राहतात. लेबल ओलं होऊ देऊ नये. आजोबांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना मात्र हे मिश्रण चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. स्थिर विजेची टिकटिक आपल्याकडे पावसाळ्यात जवळपास नसते, हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत येते. तिची खूण अशी की दुसऱ्यांदा वाजवल्यावर ती त्याच जागी येत नाही. छपाईचा दोष जागा सोडत नाही.

आता तिसरं कारण, ज्यावर खरा वाद व्हायला हवा. रेकॉर्ड कशी बनते हे डोळ्यांसमोर आणलं की दोषांचं गूढ उरत नाही. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा, म्हणजे मऊ रोगणाचा, थर देऊन त्यात खाच कोरतात. त्यावर चांदीचा फवारा मारून निकेलचा थर चढवतात. त्यातून आधी उलटी प्रत निघते, तिच्यापासून सुलटी आणि तिच्यापासून पुन्हा उलटे साचे, म्हणजे स्टॅम्पर. दोन स्टॅम्परच्या मध्ये तापवलेल्या पीव्हीसीचा गोळा, त्याच्या वर-खाली लेबलं, असं ठेवून १५० अंशांच्या आसपासची वाफ आणि शंभर टनांहून अधिक दाब दिला जातो. मग थंड पाणी फिरवून चकती बाहेर. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरकतं. लेबलांना गोंद लागत नाही, ती दाबानेच बसतात, आणि म्हणून आधी भट्टीत कोरडी करून घ्यावी लागतात. ओल राहिली तर वाफेचे फोड येतात.

या अर्ध्या मिनिटातून दोन-चार सेकंद वाचवले की काय होतं? गोळा मधून कडेकडे पसरतो, त्यामुळे बाहेरच्या खाचा सर्वांत शेवटी भरतात. उष्णता किंवा वेळ कमी पडला तर प्लास्टिक खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाही. हाच तो 'नॉन-फिल', कापड फाटल्यासारखा किंवा चेन ओढल्यासारखा आवाज, कित्येकदा एकाच स्पीकरमधून येणारा आणि बहुधा पहिल्या गाण्यात असणारा. तिरक्या उजेडात टॉर्च धरून पाहिलं तर त्या जागी काळ्या चमकदार पृष्ठभागावर बारीक भुरकट ठिपक्यांची रांग दिसते. धुऊन हा दोष जात नाही, कारण काढून टाकण्यासारखं तिथे काही नसतं. जे असायला हवं ते भरलेलंच नसतं. वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळेच्या एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही हे सांगून पाहा. तिथे साच्यात माल पूर्ण न भरलेला डबा निघाला तर त्याला 'शॉर्ट शॉट' म्हणतात आणि तो सरळ रिजेक्टच्या पेटीत जातो. पन्नास रुपयांच्या डब्याच्या बाबतीत 'प्लास्टिक म्हटलं की एवढं चालायचंच' असं कुठला सुपरवायझर म्हणतो? मग तीन हजारांच्या रेकॉर्डला ही सवलत कशासाठी?

मध्य चुकलेली रेकॉर्ड हा याहून वाईट दोष आहे, आणि आपल्या संगीतासाठी तर विशेष. स्टॅम्परला मधोमध छिद्र पाडताना खाचांचं केंद्र आणि छिद्राचं केंद्र जुळवावं लागतं. ते चुकलं तर रेकॉर्ड फिरताना खाच केंद्रापासून जवळ-लांब होत राहते आणि दर १.८ सेकंदांनी सूर वर-खाली होतो. जुनी औद्योगिक मानकं इथे ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी फरक चालवून घेतात. हा फरक अर्धा मिलिमीटर झाला तर? लेबलजवळ, म्हणजे ६० मिलिमीटर त्रिज्येवर, सूर ०.८३ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतचं अंतर सुमारे ६ टक्क्यांचं. म्हणजे सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या बिंदूंमधलं अंतर त्या अंतराच्या पाव भागाहून जास्त होतं. ढोलकी आणि ब्रासने भरलेल्या चित्रपटगीतात ते कदाचित निभावून जाईल. पण तानपुरा? विलंबित ख्यालात गायक ज्या षड्जावर टेकून उभा असतो तो षड्जच डोलत असेल तर ऐकणाऱ्याने नेमकं काय ऐकायचं? सतारीची मींड कुठे संपली आणि रेकॉर्डचं डोलणं कुठे सुरू झालं हे कोण सांगणार? 'ॲनालॉगची ऊब' म्हणून हे खपवणाऱ्यांनी एकदा सारंगी किंवा पियानोची मध्य चुकलेली रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकावी.

हा दोष ओळखायला कानांचीही गरज नाही. बाजू संपल्यावर सुई शेवटच्या बंद खाचेत फिरत असताना समोरून टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, पाहा. तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर मागे आलेखाचा मिलिमीटर कागद धरून झुलण्याची रुंदी मोजा. चूक तिच्या निम्मी असते. एक मिलिमीटर झुलला तर अर्धा मिलिमीटर चूक. दोन्ही बाजूंचे स्टॅम्पर वेगळे असल्यामुळे पुष्कळदा 'अ' बाजू स्थिर असते आणि 'ब' बाजू डोलते. तेच टर्नटेबल, तीच सुई, तीच चकती आणि एकच बाजू डोलते: यंत्राला दोष देणाऱ्या दुकानदाराला याहून नेमकं उत्तर दुसरं नाही.

वाकलेल्या रेकॉर्डबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे जबाबदारी ठरवणं खरंच कठीण आहे. पूर्ण चकती बशीसारखी खोलगट असेल तर बहुधा ती नीट थंड होण्याआधी प्रेसमधून काढलेली किंवा घट्ट प्लास्टिकमध्ये आवळलेली असते. एकाच कडेला लाट असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. रेकॉर्डचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडवर उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत ते तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. पार्सल सोसायटीच्या गेटवर उन्हात दुपारभर पडून राहिलं असेल तर कारखान्याला जाब विचारता येणार नाही. म्हणून उन्हाळ्यात ऑनलाइन मागवण्याऐवजी दुकानातून घ्यावी, आणि मागवलीच तर खोका उघडतानाचं चित्रीकरण करावं. काचेच्या दोन तावदानांमध्ये ठेवून उन्हात सपाट करण्याचे घरगुती उपाय नव्या रेकॉर्डवर करू नयेत. एकदा हात लावला की परत करण्याचा हक्क गेला.

आता विरोधी बाजूचा इतिहासाचा मुद्दा. पूर्वीही हेच होतं, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही, असं सांगितलं जातं. यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. १९६९ साली आरसीए या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने 'डायनाफ्लेक्स' नावाने इतक्या पातळ रेकॉर्ड काढल्या की त्या हातात लवलव करत. १९७३ च्या तेलसंकटात पीव्हीसी महागलं तेव्हा जुन्या चकत्या वितळवून पुन्हा वापरण्याचं प्रमाण वाढलं आणि त्या काळातल्या कित्येक छपाया खरखरीत निघाल्या. पण कुणी कुरकुर केली नाही हे साफ चूक. याच काळात अमेरिकेतले चोखंदळ श्रोते जास्त पैसे मोजून जपान आणि जर्मनीच्या छपाया मागवू लागले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला काही अमेरिकी लेबलांनी आपल्या खास आवृत्त्या जपानच्या जेव्हीसीकडून छापून घ्यायला सुरुवात केली. मध्य चुकण्याचा दोष इतका सतावत होता की नाकामिचीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स-१००० हे टर्नटेबल काढलं, जे आधी खाचांचं खरं केंद्र मोजायचं आणि मग चकती आपोआप सरकवून मध्यावर आणायचं. डोलणारा सूर हे सौंदर्य असतं तर एका कंपनीने ते घालवण्यासाठी एवढं महागडं यंत्र का बनवलं असतं? आणि १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा लोक रेकॉर्ड सोडून तिच्याकडे धावले, त्याची कारणं सोय आणि आकारमान ही होतीच, पण वाईट छपायांना कंटाळलेले कानही त्यात होते.

त्याच इतिहासातून दुसऱ्या तटालाही उत्तर मिळतं. नवं ते सगळं टाकाऊ आणि जुनं ते सोनं, हे खरं नाही. जुन्या बाजारात आज हाताला लागते ती रेकॉर्ड चाळीस-पन्नास वर्षं टिकलेली असते. तेव्हा परत गेलेल्या, फेकलेल्या, वितळवलेल्या प्रती आपल्याला दिसतच नाहीत. शिवाय जुन्या प्रतींवर जड सुईने झालेली झीज कुठल्याही धुण्याने जात नाही. डायनाफ्लेक्सच्या विरुद्ध टोकाला जाऊन आज १८० ग्रॅमची जाडी म्हणजे दर्जा असं मानणारेही आहेत. खाचेचा आकार आणि खोली यांचा चकतीच्या वजनाशी संबंध नाही. जाड चकती वाकायला थोडी कमी तयार असते, एवढाच फायदा. उलट जास्त माल तापवून पसरवायचा म्हणजे घाईच्या कारखान्यात नॉन-फिलचा धोका वाढतो. रंगीत आणि चित्रांच्या रेकॉर्डचं आकर्षण समजण्यासारखं आहे, पण ऐकण्यासाठी घ्यायची असेल तर साधी काळी घ्यावी. चित्राच्या रेकॉर्डवर खाचा पातळ पारदर्शक थरात असतात आणि तिची सळसळ मुळातच जास्त असते.

मग आज दोष जास्त का दिसतात? मागणी आणि कारखान्यांची कुवत यांचा मेळ बसलेला नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये १९८७ नंतर पहिल्यांदा सीडीपेक्षा जास्त रेकॉर्ड विकल्या गेल्या. मधल्या तीस वर्षांत प्रेस भंगारात गेले होते आणि ते चालवणारे कसबी कामगार निवृत्त झाले होते. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला आणि कोरण्याच्या लॅकर चकत्यांसाठी जग जपानमधल्या एका छोट्या उत्पादकावर अवलंबून राहिलं. ही कारणं खरी आहेत आणि ती समजून घ्यायला हवीत. पण याहून मोठं कारण मला वेगळं वाटतं. अमेरिकेतल्या ल्युमिनेट या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्या लोकांकडेच ती वाजवायचं साधन होतं. जी रेकॉर्ड वाजणारच नाही तिच्यातला दोष कारखान्याला कळणार कसा? निम्मा माल भिंतीवर किंवा कपाटात जातो, उरलेल्या निम्म्यातले बरेच जण 'चालायचंच' म्हणून गप्प बसतात, आणि कारखान्याच्या वहीत परताव्याचा आकडा इतका लहान दिसतो की प्रत्येक छपाईतले दोन सेकंद वाचवणं फायद्याचं ठरतं. म्हणजे तक्रार न करणारा रसिक दर्जा घसरवायला हातभार लावतो. सीलबंद प्रत गुंतवणूक म्हणून दोन वर्षं ठेवणाऱ्यालाही हे लागू आहे. उघडेल तेव्हा दोष निघाला तर दाद मागायची मुदत संपलेली असेल. घेतली की आठवड्याच्या आत दोन्ही बाजू पूर्ण ऐकाव्यात.

सगळ्यात जड मुद्दा छोट्या दुकानदारांचा आहे आणि तो भावनिक म्हणून झटकता येत नाही. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच रेकॉर्ड आयात केलेल्या असतात. वाहतूक आणि सीमाशुल्क भरून दुकानदार एखाद्या शीर्षकाच्या पाच-सहा प्रती मागवतो. त्यातली एक परत आली तर बाकीच्यांवरचा नफा जातो, आणि परदेशी वितरक ती प्रत परत मागवून घेत नाही. अशा दुकानदाराला खलनायक ठरवणं अन्यायाचं आहे. पण त्याचा तोटा ग्राहकाने का भरायचा? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याबाबत स्पष्ट आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्यालाही सदोष वस्तू परत घेणं नाकारता येत नाही. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे नेरुळच्या माणसाला दिल्लीच्या विक्रेत्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीचं शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. परदेशी दुकानातून थेट मागवलेल्या रेकॉर्डच्या बाबतीत मात्र कायद्याचा हात प्रत्यक्षात तोकडा पडतो, हे पैसे भरण्याआधीच लक्षात घ्यावं.

कायद्यापर्यंत जायची वेळ क्वचितच येते, जर तक्रार नीट बांधलेली असेल. 'आवाज खराब आहे' या तक्रारीला काही अर्थ नाही. 'ब बाजू, दुसरं गाणं, १ मिनिट १० सेकंद ते १ मिनिट ४० सेकंद, डाव्या चॅनलमध्ये फाटल्यासारखा आवाज. धुऊन पुन्हा तेच. दुसऱ्या टर्नटेबलवरही तेच. सोबत फोनो प्रीॲम्पमधून (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून) थेट घेतलेलं ध्वनिमुद्रण, टॉर्चच्या उजेडातला फोटो आणि लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले मॅट्रिक्स अंक', ही तक्रार दुकानदारालाही हवी असते, कारण हेच कागद पुढे पाठवून तो वितरकाकडून चकती परत न पाठवता भरपाई मागू शकतो. मोबाइल स्पीकरसमोर धरून केलेलं मुद्रण मात्र काहीच सिद्ध करत नाही. बदली मागायची की पैसे, हेही दोषावर ठरवावं. नॉन-फिल आणि कचऱ्याची टिकटिक प्रतीप्रतीला बदलते, तिथे दुसरी प्रत मागण्यात अर्थ आहे. मध्य चुकणं किंवा मुलामा चढवताना स्टॅम्परवर राहिलेला ओरखडा त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक प्रतीत असतो. तिथे दुकानातल्या दुसऱ्या प्रतीवर तेच अंक असतील तर सरळ पैसे परत घ्यावेत.

एकेकट्या माणसाने हे करत राहणं दमवणारं आहे, हे मान्य. पण एकेकट्याने करायची गरजही नाही. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली तेव्हा डाळ-तांदळात भेसळ असणारच, वजनात मारलं जाणारच, अशीच समजूत होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ केले, माल एकत्र मागवला, खराब निघाला तर एकत्र परत केला, आणि ती समजूत या शहरांतल्या मराठी घरांनी स्वतःच्या हाताने मोडली. नौपाडा असो की वाशी, ज्यांच्या आई-आजीने अशा संघात महिन्याचं वाटप केलं, त्यांना रेकॉर्डच्या बाबतीत 'चालायचंच' म्हणणं शोभतं का? गावातल्या दहा-पंधरा श्रोत्यांनी मिळून एक साधी वही ठेवली: शीर्षक, मॅट्रिक्स अंक, कुठली बाजू, कुठला दोष, दुकानदाराने काय केलं. तर पुढचा माणूस पैसे घालण्याआधी त्यात बघेल, आणि प्रामाणिकपणे माल बदलून देणाऱ्या दुकानदाराला त्याचं श्रेयही मिळेल. चांगल्या छपाईची नोंदही तितक्याच आवर्जून करायला हवी. नाहीतर ती नुसती गाऱ्हाण्यांची वही होईल.

शेवटी एक मुद्दा जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला रेकॉर्ड छापायला सुरुवात झाली, पुढे डमडमचा कारखाना झाला, आणि काही दशकं देशभरच्या घरांत तिथल्या तबकड्या वाजल्या. मग सगळं बंद पडलं. आता आपल्याच मुंबई परिसरात रेकॉर्ड पुन्हा छापल्या जाऊ लागल्या आहेत, आणि लगेच सुचवलं जातं की आपली माणसं आहेत, सुरुवात आहे, सांभाळून घ्या. आपुलकी मलाही आहे. पण सांभाळून घ्यायचं म्हणजे सदोष माल मुकाट्याने घरात ठेवायचा असा अर्थ होत असेल तर या कारखान्यांचं त्यात नुकसानच आहे. आयात केलेल्या रेकॉर्डच्या तुलनेत इथल्या छपाईचा एक मोठा फायदा हाच की इथे चूक सांगितली तर ती आठवड्याभरात प्रेस चालवणाऱ्या माणसापर्यंत पोचू शकते. आपलं गाणं छापून घेणाऱ्या गायक-वादकांनी आणि छोट्या लेबलांनी मुख्य छपाईआधी मिळणाऱ्या टेस्ट प्रेसिंगच्या प्रती नुसत्या फोटोसाठी न ठेवता दोन-तीन वेगवेगळ्या टर्नटेबलवर, दोन्ही बाजू, तानपुरा सुरू होण्याआधीच्या शांततेपासून शेवटच्या बंद खाचेपर्यंत ऐकाव्यात. टोनआर्म झुलतो का हे मिलिमीटर कागदावर मोजावं. तीन प्रतींत एकाच जागी टिकटिक असेल तर ती साच्यात आहे आणि नवा साचा मागितलाच पाहिजे. एकाच प्रतीत असेल तर छपाई पुढे जाऊ द्यावी. आणि कारखान्याशी करार करताना मध्य किती चुकला तर चालेल, नॉन-फिल निघालेल्या प्रतींचं काय करायचं, पुन्हा छापायचा खर्च कोणाचा, हे आकड्यांत लिहून घ्यावं, छपाईचा पहिला हप्ता देण्याच्या आधी.